केशरीचा डोळा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

खूप वर्षांमागे एका काचेच्या टाकीत केशरी नावाची मासोळी राहत होती. एकदा तिच्या डाव्या डोळ्यावर पांढुरकी साय धरली. तिचा मालक मुकुंदा मासेवाल्याकडे धावला. मासेवाला म्हणाला, "पाणी नासलंय. ते बदला आणि खाणं कमी टाका."

मुकुंदाने पाणी बदललं, पण "आजारी जीव उपाशी कसा ठेवू?" म्हणत खाणं मात्र वाढवलं. उरलेलं तळाशी कुजलं आणि पाणी पुन्हा नासलं.

"गोगलगायबाई, तुम्ही तरी संपवा हो," केशरी टाकीतल्या गोगलगायीपुढे काकुळतीला आली.

"माझं पोट केवढं गं, आणि त्याची माया केवढी!" गोगलगाय म्हणाली.

शेवटी केशरी काचेला तोंड लावून ओरडली, "पुरे, बाबा, पुरे!" मुकुंदाला फक्त तिचं उघडणारं-मिटणारं तोंड दिसलं. "भुकेली आहे बिचारी," म्हणत त्याने आणखी चिमूटभर टाकलं.

संध्याकाळपर्यंत दुसरा डोळाही झाकोळला. केशरी तळाशी जाऊन गप्प पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदाने बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि खाणं थेट तिच्या तोंडाशी नेऊन सोडलं. आता तिला दिसत नव्हतं ना.