सेनापती दाराबाहेर

फार जुनी गोष्ट आहे. बांधावरच्या वारुळात अंडी वरच्या दालनात ठेवायची की खालच्या, यावरून मुंग्यांत यादवी पेटली. खालच्यांचे सेनापती होते रागोजी मुंगळे आणि वरच्यांचे सोनाजी मुंगळे.

रणांगणात रागोजींनी मिशीला पीळ देत हुकूम सोडला, "तुटून पडा!" पण मुंग्यांची रीत अशी, की समोर कुणी आलं की आधी मिशीला मिशी लावून वास घ्यायचा. प्रत्येक मुंगीने वास घेतला आणि म्हटलं, "अगं बाई, तू तर आपल्याच घरची!" मग सगळ्या ख्यालीखुशाली विचारत बसल्या.

रागोजी संतापले. "असं कुठं युद्ध होतं? वास बदला!" त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःच्याच अंगाला कडुनिंबाचा रस चोळला. सैन्य मात्र नाकं मुरडून घरी निघालं.

रागोजी मागोमाग दाराशी आले, तर पहारेकरी गंगूने त्यांना हुंगून अडवलं.

"कोण रे तू?"

"अगं, मी तुझा सेनापती!"

"आमच्या सेनापतींना घरचा वास आहे. चल, हो मागं!"

रागोजी मागे सरले आणि कुणावर तरी आदळले. अंगभर लसूण चोळलेले सोनाजी तिथंच ताटकळत उभे होते.

"तुम्हीपण?"

"आम्हीपण."

इतक्यात बांधावर चिमण्या उतरल्या. रागोजींनी घाईघाईने वारुळाची माती उचलली आणि म्हणाले, "सोनाजीराव, वळा बघू. आधी तुमची पाठ घासतो."