हैबतीनं सासऱ्याला फळीवर बांधलं

बोरवंडी गावात हैबती नावाचा एक गडी होता. त्याला भोळा म्हणावं तर गावातल्या बाकीच्या भोळ्यांना राग यायचा, इतका तो भोळा.

एकदा त्याची बायको बायजा पाण्याला निघाली. जाताना म्हणाली, पोराकडं बघा. हैबती बघत बसला. पोर रांगत रांगत चुलीपाशी गेलं, तेही त्यानं नीट बघितलं. बायजा वेळेवर आली म्हणून पोर वाचलं. ही गोष्ट तिच्या माहेरी कळली आणि तिचा बाप, आप्पा, दुसऱ्याच दिवशी येऊन लेक-नातू घेऊन गेला. जाताना बजावून गेला की जावयाला अक्कल येईल तेव्हाच पोरगी नांदायला येईल.

हैबती दोन दिवस जेवला नाही. रिकामा पाळणा बघून त्याला रडू यायचं. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं, की उपकेंद्राच्या सिंधू नर्सबाई दर मंगळवारी चावडीवर अपघात कसे टाळावेत ते शिकवतात. अक्कल फुकट मिळतेय म्हटल्यावर हा सगळ्यांच्या आधी जाऊन पुढं बसला.

पहिल्या मंगळवारी बाईंनी सांगितलं की भाजलं तर हळद नको, टूथपेस्ट नको, गार पाणी ओतत राहायचं. हैबतीनं ते घोकून पाठ केलं. बुधवारी तुळशीरामच्या पिठाच्या गिरणीत मोटर तापली आणि धूर निघाला. आता मोटरच भाजतेय म्हटल्यावर हैबती थांबतोय होय? त्यानं दोन कळश्या रिकाम्या केल्या. मोटर बसली, आळीतली वीज गेली आणि सहा घरांची कणीक गिरणीतच भिजली.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. पुढच्या मंगळवारी त्यांनी मुद्दाम त्याच्याकडं तोंड करून सांगितलं, की विजेच्या वस्तूवर पाणी टाकायचं नसतं. आधी मेन स्विच बंद करायचा. कुणी तारेला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, कोरड्या काठीनं लांब ढकलायचं.

हैबतीला पटलं. बुधवारी पारूआत्या शेणाच्या खड्ड्यात घसरली. कमरेइतकी रुतली आणि हात दे म्हणून विनवायला लागली. हैबतीनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. एक कोरडी काठी शोधली आणि म्हातारीला लांब ढकललं. ती पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा हा वळसा घालून तिकडं गेला आणि तिथूनही ढकललं. पारूआत्यानं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

तिसऱ्या मंगळवारी बाईंचा आवाज जरा चढलाच होता.

"पडलेल्या माणसाला ढकलायचं नाही. हलू द्यायचं नाही. फळीवर घ्यायचं, बांधायचं आणि चौघांनी उचलून माझ्याकडं आणायचं. तो म्हणेल मला काही झालं नाही. ऐकायचं नाही. डोक्याला मार बसला की माणूस वाट्टेल ते बरळतो."

हे मात्र सगळ्या गावानं मन लावून ऐकलं.

इकडं हैबतीनं सासरी सांगावा धाडला होता, की अक्कल आली, येऊन बघा. आप्पा शनिवारी एसटीनं उतरला. जुना माणूस, मारुतीच्या पाया पडल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचा नाही. देवळापुढं त्यानं साष्टांग दंडवत घातलं आणि तसाच पडून पुटपुटायला लागला, देवा, आमच्या जावयाला सुबुद्धी दे.

सासऱ्याला आणायला निघालेल्या हैबतीनं बघितलं, तर मामा पालथे पडलेत, ओठ हलतायत, शब्द कळत नाहीत. त्यानं हाका मारून पारावरचे तिघं बोलावले, शेजारच्या दुकानाची फळी काढली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आप्पाला त्याच्याच पटक्यानं आवळून बांधलं.

"अरे सोडा, मला काही झालं नाही," आप्पा ओरडला.

चौघांनी एकमेकांकडं बघून माना डोलावल्या. बाईंनी अगदी हेच सांगितलं होतं.

वरात उपकेंद्राकडं निघाली. पटक्यात गुंडाळलेला म्हातारा चौघांच्या खांद्यावर बघून बायाबापड्यांनी पदर तोंडाला लावले. एकानं तर हारही आणून टाकला. आप्पानं शिव्या दिल्या, मग देवाचं नाव घेतलं, शेवटी रडकुंडीला आला.

"जावईबापू, पाया पडतो. सोडा मला. आजच्या आज पोरगी नांदायला पाठवतो. नातूही पाठवतो. तुमच्याएवढा शहाणा माणूस मी बघितला नाही."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पावलं भराभर उचलली आणि उपकेंद्राच्या दारातच हंबरडा फोडला.

"बाई, लवकर या हो! मामांच्या डोक्याला लई मार बसलाय. मला शहाणा म्हणतायत!"