बिनलोलकाची घंटा

टोर्नशेर हे स्वीडनच्या पूर्वेच्या समुद्रातले एक लहानसे बेट. वर उघडे आकाश, पायाखाली सगळी पांढरी चुनखडी. धक्क्यावर उतरले की समोर लाकडी चौकटीत टांगलेली, तडा गेलेली घंटा दिसते. तिला लोलक नाही. खाली एक काळा दगड ठेवलेला असतो. चर्चची राखण करणारे म्हातारे ओलोफ पाहुण्यांना तिथेच अडवतात. "आधी एक टोला द्या, मग बेट बघा."

शेजारच्या पाटीवर लिहिले आहे की लोलक वादळात समुद्रात पडला. ओलोफ त्या पाटीकडे पाठ करून उभे राहतात. "वादळाला हात असतात का? माणसाने काढला तो."

असे सांगतात की, फार पूर्वी बेटावर राजाचा एक कारभारी होता. खडकांवर फुटलेल्या जहाजाचा माल त्याचा, असा कायदा. कायदा कोणी केला, हे विचारायची सोय नव्हती. धुक्यात घंटा वाजली की जहाजे सावध होत, खडक टाळत, आणि कारभाऱ्याचे कोठार रिकामे राही. म्हणून त्याने लोलकच काढून नेला. याच घंटेच्या आवाजावर बेटाचे कोळीही घरी परततात, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही.

शरदातल्या एका सकाळी नावा हेरिंग मासळीला गेल्या आणि त्यांच्या मागोमाग धुके उतरले. रोदवी किनाऱ्यावर उभी होती. तिचा नवरा हेग्वाल्ड त्या नावांत होता. धुक्यातून हाका येत होत्या. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग खडकांच्या बाजूने. तिने पायाजवळचा दगड उचलून घंटेवर हाणला. चुनखडीच ती, हातात भुगा झाला. दुसऱ्या दगडाचेही तेच. घंटा नुसती कुरकुरली.

बेटावर टणक दगड एकच होता. किनाऱ्यालगत दगड मांडून केलेला चक्रव्यूह होता. समुद्रावर जाण्याआधी कोळी त्यातून फिरत मध्यापर्यंत जात, म्हणजे पाठीला लागलेला वाईट वारा आतच अडकून पडे. त्या मध्यावर काळा दगड होता, कुण्या जुन्या जहाजाने तळाला भार म्हणून आणलेला. तो हलवला की कोंडलेला वारा सुटतो, अशी सगळ्यांची समजूत.

रोदवी रिंगणे ओलांडत सरळ आत शिरली. तिची सासू आयलिकन मागून ओरडली, "अगं, तो दगड सोड. पोरगा माझा बाहेर आहे."

"म्हणूनच उचलते आहे, आई."

"वारा सुटला तर बुडवशील त्याला."

"आणि घंटा वाजली नाही तर तो खडकांवर जाईल. तुम्हीच सांगा, कुठे बुडवू?"

रोदवीने दगड उचलला आणि घंटेकडे धाव घेतली.

पहिल्या टोल्याबरोबर घंटा बोलली. शेवटची नाव येईपर्यंत हिला गप्प होऊ देणार नाही, असे रोदवी म्हणाली म्हणे. एकेक नाव आवाजाच्या रोखाने किनाऱ्याला लागू लागली. पण वाराही सुटला. धुके जागोजागी फाटले, लाटा उठल्या. मालाने भरलेले एक परके जहाज खडकांना वळसा घालून निघून गेले आणि कारभारी आपली माणसे घेऊन धावत आला. तेव्हा फक्त हेग्वाल्डची नाव यायची राहिली होती.

त्यांनी रोदवीला ओढून बाजूला केले. दगड खाली पडला. लाटांखेरीज कसलाच आवाज उरला नाही.

मग आयलिकन वाकली आणि तिने तो दगड उचलला.

"म्हातारे, ठेव तो," कारभारी ओरडला.

"मुलगा आला की ठेवते," ती म्हणाली आणि टोला दिला.

तिचे हात थकले तेव्हा नुकत्याच परतलेल्या एका भिजलेल्या कोळ्याने दगड घेतला. त्याच्यामागे दुसरा उभाच होता. कारभारी किती जणांना ओढणार? संध्याकाळपर्यंत घंटेला तडा गेला, पण ती थांबली नाही. पुढे लोकांचा राग निवावा म्हणून कारभाऱ्याने लोलक परत पाठवला. बेटकऱ्यांनी तो त्याच खडकांवरून समुद्रात भिरकावला. पाटी तेवढ्यापुरती खरी.

आजही चक्रव्यूहाचा मध्य रिकामा आहे. आजही बेटावर येणारा प्रत्येक जण घंटेवर एक टोला देतो. हे कधीपर्यंत चालायचे, असे कोणीतरी विचारतेच.

"हेग्वाल्डची नाव अजून यायची आहे," ओलोफ म्हणतात, आणि दगड विचारणाऱ्याच्याच हातात देतात.