शर्वाणीच्या चिपळ्या

"स्वामी, चौदाव्या वर्षी एवढं वैराग्य येतं का हो कुणाला?"

भार्गवबुवांच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. स्वामींचे शिष्य म्हणून पंचक्रोशीत त्यांच्या कीर्तनाला मान होता. आता लेक बापाच्याही वरताण निघाली होती.

"शर्वाणीचं म्हणतोस?" स्वामी मठाच्या अंगणात तुळशीला पाणी घालत होते.

"तिचंच. गोडधोड सोडलं. मैत्रिणी सोडल्या. रात्री बघावं तर अंथरुणात डोळे उघडे... नामस्मरण चालत असेल."

"असेल?"

"विचारून साधना कशाला मोडायची, म्हणून..."

"गाते?"

"तेही सोडलं." बुवा हसले. "तुम्हीच सांगता ना, एकेक सुटत जावं? माझ्या आधी तिनंच ऐकलं तुमचं!"

स्वामी हसले नाहीत.

"काल तर कपाटच रिकामं केलं. पैंजण मामेबहिणीला, रंगपेटी शेजारच्या छोटीला. आणि हे तुम्हाला."

बुवांनी पिशवीतून चिपळ्या काढल्या. शर्वाणी पहिल्यांदा कीर्तनात उभी राहिली, तेव्हा स्वामींनीच दिलेल्या. ती त्या उशाशी घेऊन झोपायची.

"देताना काय म्हणाली?"

"म्हणाली, आता मला लागणार नाहीत."

तुळशीची कुंडी भरून पाणी वाहिलं, स्वामींच्या पायांवर आलं. तांब्या कलताच राहिला.

"आत्ता तिच्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. आई माहेरी गेलीय. शर्वाणीच म्हणाली, एकटं राहू द्या..."

"शेजारी फोन लाव. कुणाला तरी तिच्याजवळ बसव. आत्ता."

बुवांनी घाईघाईनं नंबर लावला. स्वामींचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"शेजारच्या काकू गेल्यात. दार उघडलंय तिनं... पण स्वामी, झालंय काय?"

"जगावंसं वाटतं का, हे विचारलंस तिला?"

असला प्रश्न... पोटच्या पोरीला?

काल रिकाम्या कपाटासमोर बुवा हात जोडून उभे राहिले होते. धन्य झालो, म्हणाले होते. आणि शर्वाणी त्यांच्याकडे बघतच राहिली होती...

ते भानावर आले तेव्हा स्वामी चिपळ्या घेऊन मठाच्या पायऱ्या उतरत होते. समोर ओढा होता. चातुर्मासात स्वामी हा ओढा ओलांडत नसत. सख्खा गुरुबंधू वारला, तेव्हाही त्यांनी याच काठावरून हात जोडले होते.

"स्वामी, चातुर्मास आहे! तुमचा नेम!"

स्वामींचा पाय पाण्यात पडला.

"आधी तिचं ऐकून घेऊ. मग आजच तालुक्याला. मनाच्या डॉक्टरांकडे."

"डॉक्टर?" बुवा धडपडत मागे धावले. "अहो, पण... खरंच वैराग्य असलं तर?"

"तर माझा नेम फुकट मोडला. चल."