देवीच्या नखांतला चिखल

मोहटोल्याच्या तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, चिंच अजून हातभर होती, तेव्हाची ही गोष्ट. मालगुजाराच्या घरी कुठल्याशा जत्रेतून जलपर्णी आली. जांभळं फूल, त्यावर मोरपिसासारखा डोळा. सगळं गाव भाळलं. पाळीवरच्या देवीला लोक तेच फूल वाहू लागले, तेही मुळासकट, कारण खुडलं की ते लगेच मान टाकायचं. दुसऱ्या दिवशी निर्माल्य रिवाजाप्रमाणे तलावात. गावानं आपल्या हातांनी, वर नमस्कार करून, आपल्याच पाण्यात विष पेरलं.

दोन पावसाळ्यांत पाणी दिसेनासं झालं. मासे गुदमरून मेले, ढिवरांचे मासेमारीचे डोंगे जागीच रुतले. भागरता ढिवरीण तेव्हा ऐन तिशीत होती. तिचं जाळं वर्षभर कोरडं होतं आणि चुलीवर पेजेशिवाय काही शिजत नव्हतं. ती जलपर्णी उपटायला निघाली तर मालगुजारानं दटावलं, पुजाऱ्यानं पापाची भीती घातली. तिचे भाऊबंदही म्हणाले, देवीच्या फुलाला हात लावू नको. पोटावर पाय आलेली माणसंच असं बोलतात, याची तिला सगळ्यात जास्त चीड आली.

ती देवळासमोर उभी राहिली. "देवीचं फूल हाये ना? मंग देवीच्याच दारात नेऊन टाकतो. माह्या पान्यात नाही ठेवत."

आणि ती कमरेभर पाण्यात उतरली. असं म्हणतात, नऊ दिवस ती बाहेर आली नाही. उपटावं तितकं पुन्हा वाढे. मग ती अशा शिव्या घाले की पानं जागीच करपत. नवव्या दिवशी सगळ्यात जुनं मूळ तिच्या हाती लागलं. तिनं ते ओढलं आणि तलावावरचं सगळं हिरवं गोधडीसारखं एकसंध उठलं, असं म्हणतात. ते ओढत ती देवळाच्या पायऱ्या चढली. दार बुजलं, कळस बुजला. खाली तलावानं असा श्वास घेतला की पाळ हलली.

लोकांनी ढीग उपसला. आत देवी होती, भागरता नव्हती. देवीच्या दगडी नखांत मात्र ओला चिखल होता.

आजही मोहटोल्यात नवी सून उंबरठा ओलांडण्याआधी तलावावर जाते, काठाला पुन्हा फुटलेली एक जलपर्णी मुळासकट उपटून पाळीवर फेकते आणि तिला मनसोक्त शिव्या घालते. शिव्या सासूच शिकवते. देवीला मात्र तिथं कोणी फूल वाहत नाही. तलावाच्या पाण्यानं तिचे हात धुतात.