वीतभर ढील

हिवरघाट हे डोंगराच्या पायथ्याचे लहानसे गाव. सोमाजी महाराज तेथे आले ते वाटसरू म्हणून. बारवेशेजारच्या ओवरीत एक रात्र काढायची म्हणून थांबले, ते कायमचेच. पुढे त्या ओवरीलाच लोक मठ म्हणू लागले. महाराजांनी कोणाला दीक्षा दिली नाही की अंगारा दिला नाही. सकाळी ओवरी झाडायची, दुपारी ज्याला जे सांगायचे असेल ते ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी भजन, एवढाच त्यांचा क्रम. त्यांच्या हयातीतली ही हकिकत माझे वडील सांगत. फारशी न सजवता सांगत. ते गेल्यावर ती लिहून ठेवावीशी वाटली, म्हणून ठेवते.

मठाची फुलबाग सटवाजी माळी पाही. त्याची बायको तापाने गेली तेव्हा मुलगी मैना रांगत होती. घर बारवेच्या काठावर, बागेला पाणी बारवेचे. तेव्हा मुलीला पोहता आलेच पाहिजे, हे त्याने मनाशी ठरवले होते. मैना सात वर्षांची झाली तसा त्याने तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला दोर बांधला आणि तिला पाण्यात सोडले. स्वतः पायरीवर उभा राहून तो दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवी. एक उन्हाळा गेला, दुसरा आला. मैना पाण्यात लोंबकळे, हातपाय मारी, पण दोर जरा सैल झाला की किंकाळी फोडी.

गावचे रंगराव देशमुख रोज सकाळी वरच्या कठड्याशी दात घासत उभे राहत.

“काय रे सटवा, पोरगी आहे का पोहरा? रोज सोडतोस, रोज वर काढतोस!”

काठावरचे लोक हसत.

“भिते ती, देशमुख. आई नाही तिला.”

“म्हणून तू आई झालास होय? लुगडं नेस मग! अरे, आमच्यात पोराला उचलून पाण्यात टाकतात. चार घोट पाणी पोटात गेलं की आपोआप पोहतं. ते काय शिकवायचं असतं?”

देशमुखांचा खंडू मैनाच्याच वयाचा. बापाच्या धोतराचा सोगा धरून तो तेथेच उभा असे. आदल्या वर्षी त्यालाही नदीच्या डोहात असेच टाकले होते, आणि तेव्हापासून तो माशासारखा पोहतो असे देशमुख सगळ्यांना सांगत. खरे म्हणजे तेव्हापासून खंडू अंघोळीच्या पाण्यालाही रडत असे. पण ते घरच्या बायकांनाच ठाऊक होते.

एका दुपारी सटवाजी महाराजांपुढे येऊन बसला.

“महाराज, माझं काय चुकतंय? लोक हसतात त्याचं काही नाही. पण पोर शिकत नाही.”

महाराजांनी त्याचे हात ओढून घेतले, तळवे उलटून पाहिले. दोराने ते सोलपटले होते.

“फार घट्ट धरतोस रे.”

“आणि सुटला तर?”

“तू असा धरलास की ती दोराला टांगून राहते. पाण्याशी तिची गाठच पडत नाही. रोज थोडा ढील दे.”

“दिला होता, महाराज. तिचं लक्ष नसताना हळूच सोडून पाहिला. एवढी भेदरली, की पुढं किती दिवस पाण्यात पाय घालेना.”

महाराज गंभीर झाले. “तेवढं मात्र करू नकोस. ढील द्यायचा तो सांगून दे. ‘मैना, वीतभर सोडतोय’ असं म्हण. ती हं म्हणाली की सोड, नको म्हणाली तर थांब. भीती वाटते ती वाटू दे, सटवा, भीती जाते. पण बापानं न सांगता हात काढला हे एकदा मनात बसलं, तर कमरेला दोर असूनही ती बुडेल.”

“मग शिकेल केव्हा ती?”

“ते मला काय विचारतोस? तिला विचार,” महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बारवेवर नवेच ऐकू येऊ लागले. “मैना, वीतभर सोडतोय गं.” “सोडा आबा.” कधी उत्तर येई, “आज नको.” मग सटवाजी सोडत नसे. देशमुखांची तर करमणूकच झाली. “वा रे बहाद्दर! पोरीचा हुकूम सुटला की बाप हात हलवतो. उद्या जेवायचंही तिलाच विचारून जेव!”

सटवाजी ऐकून घेई आणि दोराकडे पाही. पावसाळा गेला, थंडी गेली. मैनाचा भोपळा सुटला. दोर तेवढा राहिला. ती पाण्यात डोळे उघडू लागली. वर येऊन बापाला सांगे, खाली एक कमान आहे, तिला शेवाळ आहे, आणि आत एक म्हातारे कासव राहते.

हिवरघाटची एक रीत होती. चैत्री पौर्णिमेला देव स्नानाला निघण्याआधी बारवेत नारळ टाकत. गावची लहान मुले उड्या मारत, आणि ज्याच्या हाती नारळ लागे त्याला देवाला पहिले पाणी घालण्याचा मान मिळे. त्या वर्षी देशमुखांनी चारचौघांत सांगून ठेवले होते, की मान आमच्या खंड्याचा.

नारळ पाण्यात पडला. बाकीची मुले अजून कासोटे आवळत होती. खंडू कठड्याला चिकटून म्हणाला, “आप्पा, मला नको. आप्पा—” तेवढ्यात देशमुखांनी त्याला मागून ढकलले.

तो एकदा वर आला, तोंड उघडले आणि खाली गेला.

“येईल, येईल वर,” देशमुख हसत म्हणाले. तो आला नाही. दोन तरण्या गड्यांनी उड्या घेतल्या आणि तो पडला तेथे बुड्या मारू लागले. मैना खालच्या पायरीजवळ पाण्यातच होती, कमरेला दोर, आणि दोराचे टोक पायरीवर उभ्या सटवाजीच्या हातात.

“आबा, तिकडं नाही तो. कमानीत गेला. मला दिसला!” असे म्हणत ती तिकडे निघालीसुद्धा. मध्येच दोर ताणला. “आबा, पुरत नाही. सोडा!”

सटवाजीने ओवरीकडे पाहिले. महाराज खांबाला टेकून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. एकुलते एक लेकरू! त्याची बोटे उघडेनात.

“सोडा ना, आबा!”

“मैना,” तो कसाबसा म्हणाला, “सगळा सोडतोय गं.”

“हं.”

त्याने हात उघडले. दोराचे टोक पायरीवरून सरकत पाण्यात गेले आणि मैना दिसेनाशी झाली.

देशमुख पायऱ्या उतरून धावत आले, पाण्याला पाऊल लागले आणि तेथेच थिजले. पोटचे पोर बुडत होते, पण त्यांचे दुसरे पाऊल उचलेना. ते सगळ्या गावाने पाहिले.

आणि काय सांगावे! पाण्यावर तरंगणारे दोराचे मोकळे टोक एकाएकी ताठ झाले. ते उचलले गेले, पायरीला घासत वर सरकू लागले. धरणारे कोणी दिसत नव्हते. कमानीजवळ पाणी फुटले आणि मैना वर आली. खंडूचे केस तिच्या मुठीत होते.

गड्यांनी दोघांना बाहेर घेतले. खंडूला पालथे करून पोटातले पाणी काढले. तो खोकला, रडला, तेव्हा लोकांच्या जिवात जीव आला.

मैना बापाला म्हणाली, “सोडतो म्हणालात आणि सोडला नाहीत ना?”

“सोडला होता, बाळा.”

“मग ओढलं कोणी? कमानीत माझा दम संपला होता. दोर ताणला म्हणून आम्ही आलो वर.”

सटवाजी ओवरीकडे चालू लागला. त्याच्यामागे लोक गेले. महाराज तसेच बसले होते. दोन्ही तळवे सोलून निघाले होते, आणि रक्ताचे थेंब धोतरावर पडत होते.

देशमुखांनी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. “महाराज, माझ्या बापानंही मला असंच टाकलं होतं. त्यानंतर मी कधी पाण्यात उतरलो नाही. मला पोहता येत नाही, महाराज. हे कोणाला कळू नये म्हणून आजवर...”

“माझे पाय कुठं पळून जात नाहीत,” महाराज म्हणाले. “आधी पोराला कोरडं कर.”

देशमुख उपरणे घेऊन गेले, तर खंडू अंग चोरून मैनामागे सरकला. तेव्हा त्या माणसाने सगळ्यांदेखत पोरापुढे गुडघे टेकले. “न सांगता पुन्हा ढकलणार नाही,” ते म्हणाले. खंडू लगेच आला नाही. देशमुख उपरणे हातात धरून बसून राहिले.

पुढे काही दिवसांनी हिवरघाटच्या लोकांनी एक नवल पाहिले. रंगराव देशमुख पाठीला भोपळा बांधून बारवेच्या खालच्या पायरीवर उभे होते. आधी ते सटवाजीच्या पायांशी वाकले.

“अहो देशमुख, हे काय!” सटवाजीने पाय मागे घेतले.

“गप रे. दोर बांध.”

वरून कोणीतरी ओरडले, “देशमुख, पोहरा आज बराच जड दिसतो!”

“हसू नका,” मैनाने दटावले. “भितात ते.”

दोराच्या दुसऱ्या टोकाशी खंडू होता आणि त्याच्यामागे, त्याच्या हातांवर हात ठेवून, सटवाजी. देशमुख गळ्यापर्यंत पाण्यात गेले आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

“आप्पा,” खंडूने विचारले, “वीतभर सोडू का?”

“थांब जरा.”

खंडू थांबला. किती तरी वेळ थांबला.

“हं,” देशमुख म्हणाले. “सोड.”