मारलेली हाक

फार फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी मधेच उठून जाऊ नये, एवढंच मागणं.

एका नदीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या टोकाला एका शेतकऱ्याचं घर होतं. मागे मक्याचं शेत, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. घरात माणसं तीनच. शेतकरी, त्याची बायको आणि शेतकऱ्याचे म्हातारे वडील. वडिलांना सगळं गाव आबा म्हणत असे.

आबांचा एक नेम होता. दुपारी जेवायला बसण्याआधी ते पळसाच्या पानावर भात घेत, अंगणातल्या दगडावर ठेवत आणि हाक मारत, "या रे, याऽ! काऽव, काऽव!"

हाक ऐकून कावळे येत. कावळ्याने भाताला चोच लावल्याशिवाय आबा स्वतःच्या ताटाला हात लावत नसत. सगळ्यांच्या आधी येई तो एक लंगडा कावळा. त्याला गर्दीत खाता येत नसे. म्हणून तो पहिला घास उचलून समोरच्या कडुनिंबावर जाऊन बसे आणि तिथे निवांत खाई. आबा त्याला म्हणत, "खा बाबा, सावकाश. तुझ्या ताटातलं कोणी ओढत नाही."

एका वर्षी मक्याला चांगली कणसं लागली. दाणे दुधात आले आणि कावळ्यांचे थवे शेतात उतरू लागले. सकाळी पाहावं तर कणसांच्या साली सोललेल्या, दाणे टिपलेले. शेतकरी चिडला.

"आबा, तुम्ही त्यांना अंगणात बोलावता. अंगणातून ते शेतात जातात."

"अंगणात जेवतील तर शेतात कमी खातील ना रे?"

"त्यांचं पोट आहे की रांजण?" शेतकरी म्हणाला.

त्याने कावळ्यांची शिकार करायचं ठरवलं. आठवडी बाजाराच्या आधी दोन दिवस गावाला उसंत असे. त्या दोन दिवसांसाठी त्याने बायकोच्या भावाला बोलावलं, आपल्या दोन मित्रांना बोलावलं. शिकारही होईल, गाठीभेटीही होतील, गोडधोड खाणं होईल. असा त्याचा बेत होता. त्यात त्याला काही वाईट दिसलं नाही. खरं सांगायचं, तर त्याच्या जागी मी असतो तर मला दिसलं असतं की नाही, कोण जाणे.

पाहुणे आले. सगळ्यांच्या हातांत गोफणी होत्या. मेहुण्याला मासेमारीचा नाद, त्याने खांद्यावर मासे धरायचं जाळंही टाकून आणलं होतं.

"जाळं कशाला रे, दादा?" शेतकऱ्याच्या बायकोने विचारलं. "कावळे काय पाण्यात पोहतात?"

"असू दे गं. रिकाम्या हाताने बहिणीकडे येऊ नये," मेहुणा म्हणाला आणि सगळे हसले.

पहिला दिवस सगळा शेतात गेला. पण कावळ्यांना गोफण ठाऊक होती. हात वर गेला की ते उडत. दगड पडला की पुन्हा येऊन बसत. संध्याकाळपर्यंत चौघांचे खांदे दुखून आले आणि एकही कावळा पडला नाही. एका मित्राचा दगड मात्र दुसऱ्याच्या पागोट्याला लागला.

रात्रीच्या जेवणाला मेहुण्याने विषय काढला. "दाजी, आम्हाला बोलावलंत ते कावळे मारायला की कावळे मोजायला?"

"उद्या बघ," शेतकरी म्हणाला.

"उद्या काय? आबा बरे, रोज हाक मारतात. हाकेला कावळे येतात तरी. तुम्हाला हाकही मारता येईना आणि कावळाही मारता येईना."

मित्र खो खो हसले. शेतकऱ्याच्या बायकोनेही पदर तोंडाला लावला. शेतकरी हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. पाहुण्यांसमोर झालेली फजिती त्याला सोसेना, आणि त्या फजितीतूनच त्याला एक गोष्ट सुचली. ती सुचली तेव्हा त्याने आबांकडे पाहिलं नाही. एवढ्यावरून मला वाटतं, ती गोष्ट चांगली नाही हे त्याला त्याच वेळी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आबांजवळ येऊन बसला.

"आबा, आज भात जरा जास्त घ्या. घरी पाहुणे जेवतात, मग कावळ्यांनीही जेवावं पोटभर."

आबांनी मान वर केली. म्हातारे डोळे भरून आले. "तुला आठवण झाली होय रे त्यांची? मला वाटलं होतं, तू त्यांच्यावर कायमचा रागावलास."

"राग कसला," शेतकरी म्हणाला.

आबांनी चार पानं भात घेतला. एक शीतही खाली सांडू दिलं नाही. दगडावर एक पान, खाली ओळीने तीन पानं. मग ते दाराच्या उंबऱ्यापाशी आले आणि त्यांनी हाक मारली. आनंदाच्या भरात त्यांनी ती एकदा नाही, तीनदा मारली.

"या रे, याऽ! सगळे या! काऽव, काऽव!"

लंगडा कावळा आधी आला. त्याने पहिला घास उचलला आणि तो कडुनिंबावर गेला. मग बाकीचे आले. त्या दिवशी अंगण काळं झालं. कोणी कोणाला ढकललं नाही, कारण भात भरपूर होता.

कडब्याच्या गंजीमागून मेहुणा उठला आणि त्याने जाळं फेकलं.

पुढचं मी फार सांगत नाही. चौघांच्या हातांत काठ्या होत्या. थोड्या वेळाने अंगण शांत झालं.

"दाजी, मानलं तुम्हाला!" मेहुणा ओरडला. "हाक मारावी तर अशी!"

आबा उंबऱ्यापाशी उभेच होते. त्यांच्या बोटांना भात चिकटलेला होता. ते ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाले, "अरे, हाक माझी होती."

मग आत जाऊन ते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांचं ताट तसंच झाकून ठेवावं लागलं.

मेलेले कावळे शेतात वेळूच्या काठ्यांना उलटे टांगले. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेने पाहुणे हसत निघून गेले. मक्यावर एकही कावळा फिरकला नाही. शेतकऱ्याला वाटलं, जिंकलो.

त्या दुपारी आबांनी रोजच्यासारखा पानावर भात घेतला, दगडावर ठेवला आणि शेजारी बसून राहिले. हाक मात्र मारली नाही.

सून म्हणाली, "आबा, बोलवा ना त्यांना."

"कोणत्या तोंडाने बोलवू, मुली?"

ऊन कलंडलं. भाताला मुंग्या लागल्या. आबा उठले आणि न जेवता आत गेले. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच.

"आबा, माझ्यावर राग काढा. अन्नावर नको," शेतकरी म्हणाला.

"राग नाही रे, बाळा. रुसायचं माझं वय आहे का? पण जन्मभर त्यांच्याआधी खाल्लं नाही. आता घास उचलतो, तर हात वरच येत नाही. ते येऊ देत. मग जेवतो."

सुनेच्या आग्रहाने ते थोडं दूध घेत. घास नाही.

आता शेतकरी घाबरला. त्याने शेतातले टांगलेले कावळे सोडवून पुरले. गोफण चुलीत घातली. जाळ्याचा एक तुटका तुकडा कडब्यात अडकला होता, तोही जाळला. मग तो स्वतः अंगणात उभा राहिला. दगडावर भात ठेवला, तूप घातलं, गूळ ठेवला, आणि त्याने अगदी आबांच्या आवाजात हाक मारली, "या रे, याऽ! काऽव, काऽव!"

नदीपलीकडच्या उंबरावर कावळे बसले होते. हाक ऐकताच सगळे एकदम उडाले आणि आणखी लांब गेले.

तेव्हा शेतकऱ्याला कळलं की आबांच्या घशातली ती हाक त्याने कायमची मोडली आहे. जी हाक ऐकून ते येत, तीच ऐकून ते आता पळत होते.

तो ओसरीवर येऊन रडला. आबांनी आतून विचारलं, "आले का रे?"

"येतील आबा," तो म्हणाला.

त्या वर्षी मका भरघोस आला. एका कणसालाही चोच लागली नव्हती. कणसं खुडायला आली त्या आठवड्यात आबा गेले. जाण्याआधी त्यांनी मुलाचा हात धरला आणि म्हणाले, "दहाव्याला त्या बिचाऱ्यांची वाट पाहत बसू नका. दर्भाचा कावळा करा. त्यांना आपल्याकडे बोलावू नका पुन्हा."

हे त्यांचं शेवटचं बोलणं.

पण शेतकऱ्याच्या मनाला ते पटेना. दहाव्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने भाताचा पिंड ठेवतात, आणि त्याला कावळा शिवला की माणूस तृप्त होऊन गेला असं समजतात. शेतकऱ्याला वाटत होतं, कावळा शिवला तर आबांनी मला क्षमा केली. नाही शिवला, तर कोणाला विचारू?

नदीच्या काठी पिंड ठेवला. सगळे मागे सरून उभे राहिले. समोरचं उंबराचं झाड कावळ्यांनी भरलं होतं, पण एकही खाली उतरेना.

मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. सून म्हणाली, "आबा, तुमची गाय आम्ही विकणार नाही." कावळे हलले नाहीत. मेहुणाही आला होता. तो कोणाच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "आबा, मी पुन्हा पाखरावर जाळं टाकणार नाही." कावळे हलले नाहीत.

"तुम्ही हाक मारा," गुरुजी शेतकऱ्याला म्हणाले. "मुलाच्या हाकेला येतात."

शेतकऱ्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याला एकच हाक येत होती. ती मारली असती तर झाड रिकामं झालं असतं.

सावल्या लांबल्या. तेव्हा एक कावळा उडून आला आणि पिंडापासून चार हातांवर, एका खडकावर बसला. एक पाय आखडलेला. शेतकऱ्याने त्याला ओळखलं.

तो हात जोडून म्हणाला, "एकदा चोच लाव. मग मला हवा तो शाप दे."

लंगडा कावळा म्हणाला, "शाप कशाला? तू चार पानं भात वाढायला लावलास त्या दिवशी माझं सगळं घर त्या अंगणात होतं. मी वर बसून घास गिळत होतो. तरी मी तुझ्यावर सूड घ्यायला आलेलो नाही."

"मग शिव ना पिंडाला. आबांसाठी!"

"आबांचं आमच्याकडे काही अडलेलं नाही. त्यांना आम्ही ओळखतो. ते आमच्याआधी जेवले नाहीत, शेवटच्या दिवसापर्यंत नाहीत, हेही आम्हाला ठाऊक आहे. ते केव्हाच सुखाने गेले."

"मग अडलं कुठे?"

कावळ्याने मान वळवून उंबराकडे पाहिलं. "त्या फांदीवर आमची यंदाची पिल्लं बसली आहेत. माणसाने पानावर भात ठेवला की उडायचं, एवढं एकच आम्ही त्यांना घोकवून शिकवलं. आज मी हा भात खाल्ला, तर उद्या तीही खातील. कुठल्याही अंगणात, कुठल्याही हाकेला जातील. मग पुढचं जाळं कोण उचलणार? तू?"

शेतकऱ्याने पिंडाकडे पाहिलं.

"मला भूक आहे," लंगडा कावळा हळूच म्हणाला, "आणि आबांच्या घरच्या भाताचा वास मला ओळखू येतो. म्हणून तर इतक्या जवळ आलो." एवढं बोलून तो उडाला. त्याच्यामागे सगळं झाड उडालं.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्राप्रमाणे सगळं पार पडलं. लोक आंघोळी करून घरी गेले. मेहुणाही गेला. तो पुन्हा बहिणीकडे कधी हसत आला नाही.

शेतकरी पुढे पुष्कळ जगला. आबांचा नेम त्याने उचलला, पण अंगणात नाही. रोज दुपारी तो भाताचं पान घेऊन नदीपलीकडे, उंबराखाली जाई. पान ठेवी, काही न बोलता मागे वळे आणि न पाहता घरी येऊन जेवायला बसे. आपल्याआधी कोणी जेवलं की नाही, हे त्याला एकाही दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पान रिकामं असे, असं सांगतात. पण भात कावळ्यांनी खाल्ला की मुंग्यांनी, हे मलाही सांगता येणार नाही. मुलं मला विचारतात तेव्हा मी कावळ्यांनी म्हणतो. आणि मग मला वाटतं, असं सांगायला नको होतं.

एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो: ज्या हाकेवर कोणी विश्वासाने येतं, त्या हाकेने कोणाला मारू नये, कारण ती हाक पुन्हा मारता येत नाही.